न घेतलेल्या कर्जाची सेटलमेंट

मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी दोन लाखांचं कर्ज मागायला एक अंगणवाडीसेविका आमच्या शाखेत आल्या. सिबिल, म्हणजे कर्ज-परतफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट, काढला, स्कोअर ५८८. लोकांना वाटतं, हा आकडा बघूनच आम्ही नकार देतो. मी तो शेवटी बघते. आधी पत्ते, फोन नंबर, मग अगदी खालच्या एन्क्वायऱ्या, म्हणजे कर्जाचा अर्ज आला की कंपन्या करतात त्या चौकशीच्या नोंदी. पॅन आणि जन्मतारीख ताईंचीच होती, पण एक पत्ता परराज्यातला आणि एक नंबर अनोळखी. एकाच दिवशी चार कंपन्यांच्या एन्क्वायऱ्या, आणि त्यातून दोन अ‍ॅपची कर्जं : १२,००० आणि ८,५००. दोन्ही ९० दिवसांच्या वर थकलेली. वसुलीचा एकही फोन ताईंना आला नव्हता. येणार कसा, अर्जात नंबरच दुसऱ्याचा.

शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "वीसेक हजारांचा तर प्रश्न आहे ताई, सेटल करून टाका." ताई पर्समध्ये पासबुक शोधू लागल्या. मी त्यांना थांबवलं. पैसे भरले की कर्ज आपलंच होतं हे मान्य केल्यासारखं होतं, वर 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलं, हा शेरा कित्येक वर्षं चिकटून राहतो. इतकी वर्षं कर्जविभागात काढलेल्या माणसाने हा सल्ला द्यावा, हे मला अजून पचत नाही.

त्या दिवशी आम्ही सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर लगेच न जाता आधी कागद जमवले, कारण पुराव्याशिवाय तक्रार लंगडी पडते. कर्ज वाटपाच्या तारखांच्या आसपासचा ताईंचा खातेउतारा काढला. त्यात ती रक्कम जमाच नाही. मग दोन्ही कंपन्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लेखी पत्र : अर्जाची प्रत, केवायसी आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचा नंबर द्या. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात, आणि चोरापर्यंतचा माग तिथूनच लागतो. संचार साथी या दूरसंचार खात्याच्या पोर्टलवर ताईंच्या नावावर तीन सिम निघाली, त्या वापरतात एक. उरलेले दोन्ही नंबर 'माझा नाही' म्हणून नोंदवले. नंतर पोलिसांत तक्रार.

ब्युरो, म्हणजे सिबिलसारखी कर्जाच्या नोंदी ठेवणारी कंपनी, तक्रार केली तरी स्वतःहून नोंद खोडत नाही, कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारतो. तक्रार निकाली काढायला ३० दिवसांची मुदत आहे, पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. आणि ब्युरो एक नाही, चार आहेत : सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क. चारही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. एकाकडची नोंद गेली म्हणून बाकीच्यांकडची गेली असं धरू नये, चारही रिपोर्ट काढून बघावे लागतात.

कागद बाहेर गेले कुठून? ताईंना आठवलं ते एवढंच, की ऑफिसने साठ जणींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आधार-पॅनचे फोटो टाकायला सांगितले होते. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार 'चालत नाही' म्हणाले होते. याचा मला खरा संताप आहे. आपल्या अंगणवाडीसेविका गावभराची माहिती जपून ठेवतात, आणि त्यांचीच कागदपत्रं अशी उघड्यावर.

१२,००० ची नोंद गेली. ८,५०० ची अजून एका ब्युरोत आहे. मुदत मंगळवारी संपते, फीची तारीख त्याआधीची आहे. मी मॅनेजरांकडे पोलीस तक्रार आणि खातेउतारा जोडून शिफारस दिली आहे, त्यावर सही व्हायची आहे.