दुपारी बाराचा सारंग

ज्यांच्या संध्याकाळी कामात जातात, त्यांनी शास्त्रीय संगीत ऐकायचं कधी? मी ठाण्यात, नौपाड्यात दहावीच्या गणिताचे क्लास घेते. चारला पहिली बॅच बसते, शेवटची सुटते तेव्हा नऊ वाजलेले असतात. गडकरी रंगायतन हे नाट्यगृह हाकेच्या अंतरावर आहे, पण तिथली साडेसहाची मैफल मला कधीच मिळत नाही. त्यामुळे सोसायटीच्या फलकावर ‘बुधवारी दुपारी १२ वाजता, शास्त्रीय गायन-वादन, प्रवेश विनामूल्य’ असं वाचलं, तेव्हा कुकर लावायचं काम सकाळीच उरकून टाकलं.

घंटाळी मंदिराच्या बाजूचं एक छोटं सभागृह. सतरंज्या अंथरलेल्या, मागे ज्येष्ठांसाठी खुर्च्या. माइक नाही. कलाकार सगळे ठाण्याचेच: गाणाऱ्या ताई पाचपाखाडीत घरी शिकवण्या घेतात, पेटीवर बँकेतून निवृत्त झालेले काका, तबल्याला एक तरुण मुलगा आणि व्हायोलिनला कळव्याची, संगीतातल्या विशारद परीक्षेची तयारी करणारी मुलगी. ऐकायलाही दुपारचीच माणसं आली होती. रात्रपाळी करून आलेली एक नर्स होती, दुपारी दुकान बंद ठेवणारे गोखले रोडवरचे एक दुकानदार होते, सकाळच्या शाळेतून थेट आलेली, दप्तर पाठीवर असलेली दोन मुलं होती.

व्हायोलिनने सुरुवात झाली. मी अगदी पुढे बसले होते. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवून ती वाजवत होती. सूर लांबवताना डावा हात तारेवरून घसरत जायचा तेव्हा पावलाची बोटंही आवळली जायची. हे मोठ्या नाट्यगृहातल्या पंधराव्या रांगेतून कधी दिसणार? राग शुद्ध सारंग. चढताना तीव्र मध्यम, म्हणजे चढा ‘म’, लावून पंचमावर (‘प’) जायचं आणि उतरताना तीव्रावरून शुद्ध, म्हणजे साध्या ‘म’वर येत रिषभावर (‘रे’) विसावायचं. दोन मध्यम इतके शेजारी शेजारी की जरा हात हलला तरी सगळं बिघडतं. तिचा हात हलला नाही.

मग ताईंनी वृंदावनी सारंग घेतला.

लहानपणी गाण्याच्या परीक्षांना मी हा राग पाठ केला होता. वहीत लिहिलेलं अजून आठवतं: गंधार-धैवत (‘ग’ आणि ‘ध’) वर्ज्य, म्हणजे न लागणारे, दोन्ही निषाद (‘नी’), वादी म्हणजे मुख्य सूर रिषभ, संवादी म्हणजे त्याच्या खालोखालचा पंचम, गायनसमय मध्यान्ह. मार्क मिळाले. पण मध्यान्ही, समोर बसून, हा राग मी आजवर ऐकलाच नव्हता. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रस्त्यावर नुसतं ओतत होतं. पंख्याचा आवाज नको म्हणून ताईंनी व्यासपीठावरचा पंखा बंद करायला लावला. तानपुरा उकाड्याने उतरला होता. त्यांनी तो पुन्हा मिळवला, घोडीवर तारेखालचा, आवाजाला गुंजन देणारा जवारीचा दोरा किंचित पुढे सरकवला आणि षड्ज, म्हणजे ‘सा’, असा उघडला की मागच्या खुर्च्यांवरची कुजबुज आपोआप थांबली. विलंबित एकतालात पंचमावरून मध्यमाला धरून त्या रिषभावर आल्या आणि तिथेच थांबल्या. घाई नाही, आलंकारिक काही नाही. गंधार आणि धैवत नसल्यामुळे सुरांमध्ये जी मोकळी जागा राहते, ती त्या वेळी बाहेरच्या रिकाम्या रस्त्यासारखी वाटली. मला वाटतं, रागाची वेळ का पाळायची याचं उत्तर पुस्तकात नाही, ते असं अंगावर यावं लागतं.

आपण या वेळा हळूहळू गमावल्या आहेत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून. नियम योग्यच आहे, रुग्णांना आणि लहान मुलांना झोप हवी. पण त्यामुळे उघड्यावरच्या मैफलीत मध्यरात्रीचा दरबारी राग आता नऊलाच उरकावा लागतो. सकाळच्या रागांना दिवाळी पहाटने आसरा दिला. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव दुपारी सुरू होतो, म्हणून तिथे भीमपलास, मुलतानी ऐकायला मिळतात. बाकी वर्षभर आपल्याकडे संध्याकाळचा यमन, पूरिया आणि मग बिहाग, बागेश्री. भर दुपारच्या सारंगांना वालीच नाही. माइक नसलेल्या छोट्या बैठकीला ना मोठं भाडं लागतं, ना परवानग्यांची यातायात. गायक पं. राम मराठे यांच्या नावाने जिथे महापालिका संगीत समारोह भरवते, त्या ठाण्यात महिन्यातून एक दुपार सारंगासाठी निघायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. ‘विनामूल्य’ हे ऐकणाऱ्याला असावं, गाणाऱ्याला नव्हे. तबल्याच्या मुलाने दुपारच्या दोन शिकवण्या रद्द केल्या होत्या, हे मला शेजारी बसलेल्या त्याच्या आईकडून कळलं. आयोजकांनी दाराशी एक डबा ठेवला होता, पण त्याबद्दल कुणी बोललं नाही आणि बरेचजण न पाहताच गेले. संकोच न करता सांगावं ना! एका सिनेमाच्या तिकिटाएवढी रक्कम पाकिटात घालून आणा, त्यातून मानधन निघेल, असं शेवटी उभं राहून सांगितलं असतं तर लोकांनी नक्की दिलं असतं. मी ताईंशी हे बोलले. त्यांनी मान हलवली, पण लगेच विषय बदलला. शिकवणाऱ्या माणसाला आपल्या कष्टाचे पैसे मागायला किती जड जातं, ते मी जाणते.

निघताना त्यांना विचारलं, गौड सारंग गाल का कधी? त्याचीही हीच वेळ. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, तो वक्र, वळणावळणाच्या चालीचा, त्याला जरा तयारी लागते. पण पुढच्या महिन्यात बसवते. तू ये, आणि क्लासमधल्या मुलांनाही घेऊन ये.’’ दुसऱ्या बुधवारी, तिथेच, बारा वाजता. सकाळच्या शाळेतल्या माझ्या तीन विद्यार्थ्यांनी येतो म्हणून सांगितलंय.