तुम्ही विचारलंत म्हणून : जग मिथ्या, तर मग भूक कशी लागते?

अद्वैत वेदान्ताचा, म्हणजे ब्रह्म हेच एक सत्य आणि जग मिथ्या असं सांगणाऱ्या दर्शनाचा, विषय निघाला की हा प्रश्न येतोच. कुणी मनापासून विचारतं, कुणी वाद मिटवायला : ‘जग मिथ्या म्हणता ना? मग दोन दिवस उपाशी राहून दाखवा.’ मला हा प्रश्न आवडतो. भूक हे उदाहरण विरोधकांनी शोधलेलं नाही. उपनिषदांनी आणि आचार्यांनी ते स्वतःच पुन्हापुन्हा हाताळलं आहे.

आधी शब्दाचं बघू. मराठीत ‘मिथ्या’ म्हणजे खोटं, असं आपण धरून चालतो आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. वेदान्तात सत् म्हणजे तिन्ही काळांत ज्याचा बाध होत नाही, म्हणजे जे कधीच खोटं ठरत नाही ते. असत् म्हणजे जे कधी कुणाला दिसणारच नाही ते, जसं सशाचं शिंग किंवा वांझेचा मुलगा. मिथ्या या दोन्हींत बसत नाही. ते अनुभवाला येतं, पण त्याचं असणं उसनं असतं. 20 ग्रॅमची सोन्याची पाटली काट्यावर ठेवा. वीसच्या वीस ग्रॅम सोन्याचे भरतात, पाटलीपणाचं वजन शून्य. तरी हातात पाटलीच घालावी लागते, सोन्याची लगड घालता येत नाही. पाटली मिथ्या आहे याचा अर्थ एवढाच. ती नाही असं कुणीच म्हणत नाही. सोन्यावाचून ती नाही, असं म्हणतात.

आता भूक. अद्वैतात सत्तेच्या तीन पातळ्या मानतात : प्रातिभासिक (स्वप्न, दोरीवरचा साप), व्यावहारिक (हे जागेपणीचं सगळं) आणि पारमार्थिक (ब्रह्म, म्हणजे अंतिम सत्य). भूक आणि भाकरी दोन्ही एकाच, व्यावहारिक पातळीवर आहेत, म्हणून भाकरीनं भूक भागते. स्वप्नातल्या भुकेला स्वप्नातली भाकरी पुरते. पातळ्यांची सरमिसळ केली की उत्तर चुकतं. गौडपाद हे शंकराचार्यांच्या आधीचे अद्वैताचे आचार्य. त्यांच्या माण्डूक्यकारिकेत (माण्डूक्य उपनिषदावरच्या श्लोकांत), वैतथ्य प्रकरणातल्या सातव्या कारिकेवर लिहिताना शंकराचार्य नेमकं हेच दाखवतात : पोटभर जेवून झोपलेला माणूस स्वप्नात उपाशी असू शकतो, आणि स्वप्नात जेवलेला जागा झाल्यावर उपाशीच असतो. म्हणजे ‘उपयोगी पडतं म्हणून ते अंतिम सत्य’ ही कसोटी टिकत नाही.

पण तेच शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात (2.2.28) बाह्य वस्तू नाहीतच म्हणणाऱ्या विज्ञानवादी बौद्धाला फटकारतात. जेवतो आहे, तृप्तीही अनुभवतो आहे, आणि वर म्हणतो ‘मी जेवत नाही, मला तृप्ती होत नाही’, अशा माणसासारखं तुझं बोलणं आहे, असं ते त्याला सुनावतात. पुढच्याच सूत्रात जागृती स्वप्नासारखी नाही असंही ठरवतात. वरवर हा विरोध वाटतो. मात्र कारिकेतला प्रश्न ‘जागृती अंतिम आहे का’ असा आहे आणि सूत्रातला ‘जागेपणी समोर दिसणारी वस्तू नाकारता येते का’ असा. दोन्हींचं उत्तर ‘नाही’. माझा आग्रह आहे की ही दोन स्थळं शेजारी ठेवूनच वाचावीत. एकटी कारिका वाचणारा ‘सगळं स्वप्न आहे’ म्हणत सुटतो, आणि एकटं सूत्रभाष्य वाचणारा जग मिथ्या म्हणणारा मायावाद म्हणजे नुसता शब्दांचा खेळ समजतो.

यानंतर हमखास दुसरा प्रश्न येतो : ज्ञान झाल्यावर भूक जाते का? इथे दोरी-सापाचा दाखला अडचणीत आणतो. दिवा आणला की साप दिसेनासा होतो, तसं ज्ञानानं जगही दिसेनासं होईल, अशी अपेक्षा तयार होते. भ्रम दोन प्रकारचा असतो. निरुपाधिक भ्रम अधिष्ठान, म्हणजे ज्यावर भ्रम झाला ती खरी वस्तू, कळताच मावळतो. दोरीवरचा साप तसला. सोपाधिक भ्रम, म्हणजे बाहेरच्या एखाद्या कारणामुळे होणारा, कळल्यावरही दिसतच राहतो : मृगजळ, पाण्यात वाकडी दिसणारी काठी, आभाळाचा निळेपणा. काठी सरळ आहे हे ठाऊक झाल्यावरही डोळ्यांना ती वाकडीच दिसते. तिला सरळ करायला मात्र कुणी जात नाही. जग असं आहे. ब्रह्मसूत्रभाष्याच्या चौथ्या अध्यायात (4.1.15) शंकराचार्य डोळ्याच्या विकारानं दिसणाऱ्या दोन चंद्रांचा दाखला देतात : चूक कळली तरी संस्कारामुळे ती काही काळ तशीच चालू राहते. कुंभाराचं फिरतं चाक थांबायला वेळ लागतो, तसं प्रारब्ध, म्हणजे फळ द्यायला लागलेलं पूर्वकर्म. ज्ञान्यालाही भूक लागते आणि तो जेवतो.

मग बदलतं काय? ‘मी भुकेला’ यातला ‘मी’. बृहदारण्यक उपनिषदात (3.5.1) कहोल हा ऋषी याज्ञवल्क्यांना आत्मा कोणता ते विचारतो. उत्तर असं : जो भूक-तहान, शोक, मोह, जरा आणि मृत्यू यांच्या पलीकडे आहे तो. यादीत पहिली भूकच आहे. भूक-तहान प्राणाची, शोक-मोह मनाचे, जरा-मृत्यू देहाचे.

हे नुसतं पाठ करून उपयोग नाही. पाहणारा आणि दिसणारं यांचा भेद सांगणाऱ्या, 46 श्लोकांच्या ‘दृग्दृश्यविवेका’चा पहिला श्लोक यासाठी पुरेसा आहे : रूप दृश्य, डोळा पाहणारा, डोळा दृश्य, मन पाहणारं, मनाच्या वृत्ती (मनात उठणारे विचार-भाव) दृश्य, साक्षी (त्यांना नुसतं जाणणारा) पाहणारा, आणि साक्षी कधीच दृश्य होत नाही. जेवणाआधी पाच मिनिटं हे भुकेवर लावून पाहा. पोटातली कळ कळते आहे, म्हणजे ती दृश्य. ‘आता काहीतरी खायला हवं’ हा विचारही कळतो आहे, म्हणजे तोही दृश्य. ‘मला भूक लागली’ यातली मीपणाची वृत्ती गाढ झोपेत नसते आणि उठल्यावर येते. येणं-जाणं कळतं ते दृश्यच. इथवर बहुतेक जण नीट येतात. पुढच्या पायरीवर साक्षीला शोधायला जातात आणि ‘मी साक्षी आहे’ हा एक नवा विचार धरून बसतात. तीही वृत्तीच, दृश्याच्याच रांगेतली. शोधायचं काही उरलेलं नसतं, एवढं कळलं की थांबायचं. गौडपादांनी अडथळेही सांगितले आहेत : लय म्हणजे डुलकी, विक्षेप म्हणजे मनाची धावाधाव, कषाय म्हणजे सुप्त वासनेनं मन ताठरणं, आणि चौथा रसास्वाद, म्हणजे जरा शांत वाटलं की त्याच सुखाला चिकटणं. चौथा सगळ्यांत फसवा, कारण तो प्रगतीसारखा वाटतो. आणि एक चूक मात्र मी अक्षम्य मानतो : दुसऱ्याच्या भुकेला किंवा शोकाला ‘माया आहे’ म्हणून उत्तर देणं. विवेक स्वतःच्या मीपणावर करायचा असतो. समोरच्या उपाशी माणसाला व्यावहारिक भाकरीच द्यायची.

आपल्या ज्ञानदेवांनी तर ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात अज्ञान ही कल्पनाच खोडून काढली आणि जगाला वस्तूचीच, म्हणजे परमात्म्याचीच, प्रभा म्हटलं. मराठी वाचकाला ही वाट जवळची वाटते, पण ती स्वतंत्र मांडणी आहे. शांकर भाष्य समजून घेताना मध्येच तिची परिभाषा आणू नये.

शेवटी पुन्हा भुकेकडे. छान्दोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात बारा वर्षं वेद शिकून आलेल्या श्वेतकेतूला त्याचे वडील उद्दालक मातीचं आणि सोन्याचं उदाहरण देतात, आणि मग सांगतात : पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी हवं तेवढं पी. सोळाव्या दिवशी त्याला एकही ऋचा आठवत नाही. माणसाच्या सोळा कलांपैकी (अंशांपैकी) एकच उरली आहे, काजव्याएवढ्या निखाऱ्यासारखी. जेव, मग कळेल, असं वडील म्हणतात. तो जेवतो आणि सगळं आठवतं. मन अन्नमय आहे हे त्याला पोटातून कळतं. त्यानंतर उद्दालक म्हणतात, ‘आता भूक-तहान माझ्याकडून समजून घे.’ देह हा कोंब, त्याचं मूळ अन्न. अन्न हा कोंब, त्याचं मूळ पाणी. पाण्याचं मूळ तेज. तेजाचं मूळ सत्. भुकेचा माग काढत इथवर आणल्यावर ते मुलाला पहिल्यांदा म्हणतात : तत्त्वमसि, श्वेतकेतो. ते सत् तूच आहेस.