टाटा

अमेरिकेत सव्हाना या गावी लेकीकडे येऊन तीन दिवस झाले होते. दुपारी जेवण करून शतपावलीला बाहेर पडलो, तर एका घराच्या ओसरीत बसलेल्या आजीबाईंनी हात हलवला. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. म्हणजे मलाच! हे ध्यानात येईस्तोवर मी चार घरं पुढे निघून आलेलो. आता परत जाऊन हात हलवायचा म्हणजे अतीच.

"ओळखीच्या आहेत का गं?" लेकीला विचारलं.

"नाही हो बाबा. इथे करतात तसं."

अमेरिकेच्या दक्षिणेत ओसरीवरल्यानं रस्त्यावरच्याला हात करायचा, अशी रीतच आहे म्हणे. जाता-येता 'कसं काय' विचारतात तेही त्यातलंच. पहिल्या दिवशी एकाला मी गुडघ्याची सगळी हकीकत सांगायला घेतली होती.

संध्याकाळी लेकीनं नदीवर नेलं. तिथे रुमाल हलवणाऱ्या एका बाईचा पुतळा आहे, पायाशी कुत्रा. फ्लॉरेन्स मार्टस. नदीतल्या एल्बा बेटावर तिचा भाऊ दीपगृह सांभाळायचा. बहीण-भाऊ तिथेच राहत. 1887 पासून 1931 पर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीला तिनं हात केला. दिवसा रुमाल, रात्री कंदील. चव्वेचाळीस वर्षं! मला आधी आठवलं ते गॅसवरचं दूध. ते उतू जाताना बोट आली तर? अंगात ताप असला तर? कुत्रा बोटीची चाहूल लागताच उठवायचा म्हणतात, पण दूध कोण बघायचं?

लोकांना मात्र वेगळीच पंचाईत. कुणी खलाशी 'येतो' म्हणून गेला आणि आलाच नाही, त्याची ती वाट बघत होती, अशी गोष्ट सांगतात. त्याशिवाय चैन पडत नाही माणसांना.

जयसिंगपूरला आमचं घर रुळांच्या कडेला होतं. कोल्हापूरची पॅसेंजर लांबून ऐकू आली की आम्ही भावंडं हातातला घास टाकून कुंपणाकडे धावायचो. टाटा, टाटा! आजी ओरडायची, "कोण काका बसलाय रे तुमचा त्यात?" कोणीच नसायचा. खिडकीतले लोक पेंगलेले असायचे, एखादा शेंगा सोलत असायचा. एखादंच पोर हात बाहेर काढी आणि त्याची आई तो आत ओढी. शेवटच्या डब्यातला गार्ड तेवढा भरवशाचा. त्यानं झेंडी जराशी उंचावली की गाडी सुटली असं आम्ही मानायचो. ज्या दिवशी गार्ड दुसरीकडे बघत असे, त्या दिवशी आमटी बेचव लागायची.

पुढे कॉलेजला जाताना मी त्याच गाडीत बसू लागलो. कुंपणाशी दुसरी पोरं. मी हात केला का? मला खरंच आठवत नाही. बहुधा पुस्तक उघडं असावं.

बोटींचं वेड या गावात बऱ्याच जणांना असावं. कॉनराड एकेन नावाचे इथले कवी. त्यांनी थडग्यावर दगडाऐवजी बाकच ठेवायला लावलं, लोकांनी येऊन बसावं म्हणून. त्यावर 'कॉसमॉस मरिनर' आणि 'मुक्काम अज्ञात' असं कोरलेलं आहे. 'कॉसमॉस मरिनर' हे एका बोटीचं नाव; बोटींच्या ये-जा यादीत ते त्यांना तसंच वाचायला मिळालं होतं. मी बसून पाहिलं. दगड गार लागतो.

नदीवर त्या दिवशी कंटेनरची एक बोट गेली. आमच्या चाळीपेक्षा उंच. वर चिटपाखरू दिसेना. मी हात केला. लेक फोनमध्ये काहीतरी बघू लागली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मुद्दाम त्या घरावरून गेलो. ओसरीतली खुर्ची रिकामी. परवाही रिकामीच. आज सकाळपासून पाऊस लागलाय. उद्या रात्रीचं विमान आहे, त्याआधी एक चक्कर मारीन म्हणतो.