मागची चाकं आधी जाम का होतात: पिकअपच्या ब्रेकची चौथी नोंद

मागच्या नोंदीत माझ्या पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड बदलल्याचं लिहिलं होतं. त्यानंतरच्या पहिल्याच ट्रॅक-दिवशी (रेसिंग ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवशी) नवी अडचण समोर आली. सरळ पट्टा संपताना पूर्ण जोर लावून ब्रेक दाबला की मागची चाकं जाम व्हायची आणि हौदा एका बाजूला सरकायचा. दोन फेऱ्यांत तीनदा हेच झालं. मी तिथेच थांबलो आणि त्या दिवशी पुन्हा ट्रॅकवर उतरलो नाही. पुढची चाकं आधी जाम झाली तर गाडी सरळ जाते, पाय थोडा उचलला की सावरते. मागची आधी जाम झाली तर गाडी फिरते, आणि ते सावरायला फार थोडा वेळ हाताशी असतो.

मला कोडं असं पडलं की पुढचे पॅड जास्त पकडीचे लावलेत, म्हणजे ब्रेकचा वाटा पुढे झुकायला हवा. मग मागची चाकं का धरतात?

आधी कागदावर हिशेब मांडला. माझ्यासकट रिकाम्या गाडीचं वजन १७८० किलो, त्यातलं पुढे १०५० आणि मागे ७३०. दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर ३ मीटर, गुरुत्वमध्य अंदाजे ०.६५ मीटर उंचीवर. ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट) इतक्या जोराने थांबताना पुढे सरकणारं वजन १७८० × ०.९ × ०.६५ ÷ ३, म्हणजे साधारण ३४७ किलो. मागे उरले ३८३. उभ्या गाडीत मागच्या चाकांवर ४१ टक्के भार असतो, तो जोरदार ब्रेकखाली साडेएकवीस टक्क्यांवर येतो. पॅड चांगले लागले म्हणून गाडी जास्त जोराने थांबते, आणि त्यामुळेच मागची चाकं पूर्वीपेक्षा हलकी होतात. कोड्याचा एक भाग सुटला, पण तीन-तीनदा जाम व्हायला एवढं कारण पुरेसं वाटेना.

बऱ्याच जणांनी सल्ला दिला की मूळचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (भार ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) काढून फेक आणि हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कापणारा) बसव. मी आधी मोजायचं ठरवलं. पुढे एक आणि मागे एक, ब्लीडर निपलच्या (ब्रेकमधली हवा काढायच्या तोटीच्या) जागी प्रेशर गेज लावले, हवा काढली आणि मित्राला पेडल दाबायला बसवलं. पुढे ४० बार असताना मागे ३९. पुढे ७० असताना मागे ६१! रिकाम्या हौद्याला इतका दाब मिळायलाच नको. व्हॉल्व्हची दांडी अ‍ॅक्सलवरून सोडवली, रिकाम्या गाडीच्या मूळ उंचीला असते तिथे हाताने धरली आणि पुन्हा मोजलं. पुढे ७०, मागे ३८.

म्हणजे व्हॉल्व्ह नीट काम करत होता, त्याची समजूत मीच चुकवली होती. गेल्या हंगामात गाडी खाली आणायला मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ५० मिलिमीटरचे ठोकळे घातले होते. हा व्हॉल्व्ह चेसिस आणि अ‍ॅक्सलमधल्या अंतरावरून भार ओळखतो. अंतर कमी झालं, की त्याच्या लेखी हौदा भरलेला. मग तो मागे भरपूर दाब सोडतो. दांडी तेवढीच आखूड केली, गेज लावून पुन्हा तपासलं, आकडे मूळ जागी आले. मोकळ्या मैदानात आधी कमी वेगाने, मग वाढवत वाढवत ब्रेक मारून पाहिले. आता पुढची चाकं आधी धरतात आणि मागची त्यांच्या किंचित नंतर. मला हेच हवं होतं.

व्हॉल्व्ह काढून फेकला नाही याचं समाधान आहे. ही गाडी ट्रॅकखेरीज सामानही वाहते, आणि भरलेल्या हौद्याला मागचा ब्रेक पूर्ण लागतो. हाताने फिरवायच्या व्हॉल्व्हने फक्त कपात कुठल्या दाबापासून सुरू व्हायची तेवढं बदलतं. त्या बिंदूच्या पुढचा उतार ठरलेलाच असतो, आणि पाठीवर किती ओझं आहे हे त्याला कळत नाही. कुणाला तो लावायचाच असेल तर मूळ व्हॉल्व्हच्या मागे लावू नका. दोघांची कपात एकावर एक चढते आणि मागचे ब्रेक नावापुरते उरतात.

परवाचा ट्रॅक-दिवस. सरळ रेषेतलं जाम होणं पूर्ण गेलं. गाडी पिटमध्ये आल्याआल्या तापमान घेतलं: पुढच्या डिस्क ४३० अंश, मागचे ड्रम बाहेरून १४०. ताजं डॉट ४ दर्जाचं ब्रेक तेल भरलं होतं, पेडल शेवटच्या फेरीपर्यंत घट्ट राहिलं.

एक गोष्ट मात्र उरली. ब्रेकसोबत खालचा गिअर टाकला की मागे धडधड होते. हौद्याखाली कॅमेरा बांधून पाहिलं तर अ‍ॅक्सल पुढे-मागे पीळ खाऊन उड्या मारतोय. पाटे एस आकारात वाकतात, सुटतात, पुन्हा वाकतात, आणि चाक जमीन सोडतं त्या क्षणी ते जाम होतं. इथेही मूळ त्याच ठोकळ्यांत आहे, कारण अ‍ॅक्सल पाट्यापासून ५० मिलिमीटर लांब गेला आणि ब्रेकच्या पिळाला तेवढा लांब दांडा मिळाला. त्यात इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांवर येतो, आणि तो कुठल्याच व्हॉल्व्हमधून जात नाही. गिअर उशिरा, इंजिनचे फेरे जुळवून टाकला तेव्हा दहा वेळांत दोनदाच धडधड झाली. पूर्वी जवळजवळ प्रत्येक वेळी व्हायची.

मागच्या व्हील सिलिंडरला (तेलाच्या दाबाने ड्रममधला ब्रेक दाबणाऱ्या भागाला) हात लावायचा मोह होतोय. २३.८१ ऐवजी २२.२२ मिलिमीटरचे बसवले तर क्षेत्रफळ, आणि त्याबरोबर मागचा जोर, १३ टक्क्यांनी उतरेल. पण उड्या थांबेपर्यंत ते बदलणार नाही, नाहीतर कशाने काय सुधारलं ते कळायचं नाही. अ‍ॅक्सलला पीळ खाऊ न देणाऱ्या दांड्यांचे ब्रॅकेट कापून तयार आहेत. या आठवड्यात वेल्डिंग, मग पुन्हा दोन्ही गेज लावून पहिल्यापासून मोजणी.