माहीम कॉजवे: ओहोटी बघून चालायचा पूल

माहीम ते वांद्रे बसने गेलं, तर खाडी कधी मागे पडली ते कळतही नाही. चालत गेलं तर निवांत थांबत-थांबत पाऊण-एक तास लागतो. मात्र निघायची वेळ घड्याळापेक्षा पंचांग बघून ठरवावी, कारण भरतीत इथे नुसतं गढूळ पाणी दिसतं. खाडीची खरी रचना ओहोटीत उघडी पडते.

कोळ्यांचा जुना हिशोब इथे चालतो. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. त्यात सव्वासहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. म्हणजे सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान ओहोटी हवी असेल, तर कोणत्याही पक्षातली द्वितीया, तृतीया किंवा चतुर्थी गाठावी. हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, म्हणून छापील तक्ताही बघावा. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी फारसं उतरत नाही. तेव्हा जाण्यात मजा नाही. आणि ओहोटीला वास येतो, भरपूर येतो. मिठी नदी विहार-पवईकडून शहराचं सांडपाणी घेऊन इथेच समुद्राला मिळते. नाक नाजूक असेल तर रुमाल बांधून निघा.

माहीम स्टेशनला फक्त धीम्या गाड्या आणि हार्बर थांबतात. पश्चिमेला उतरून लेडी जमशेटजी मार्गाने उत्तरेला सेंट मायकल चर्चकडे चालत राहा. बुधवारी मात्र नोव्हेनाची, म्हणजे चर्चमधल्या खास प्रार्थनेची, गर्दी असते, पदपथ मेणबत्त्या आणि हार विकणाऱ्यांनी भरून जातो. तो दिवस टाळावा, किंवा गर्दीच बघायची असेल तर मुद्दाम निवडावा.

चर्चपाशीच बाजू ठरवून टाका, कारण कॉजवेवर मधे रस्ता ओलांडणं धोक्याचं आहे. डावीकडे समुद्र, कोळीवाडा, होड्या आणि लांबवर सी-लिंक. उजवीकडे रेल्वेचे पूल आणि आतली तिवरं. सकाळी सूर्य पाठीशी राहतो म्हणून फोटोंसाठी डावी बाजू बरी.

जो रस्ता आपण चालतो त्यातला बराचसा भाग भराव आहे. पाण्याला वाट पुलाखालच्या कमानींपुरतीच. हे लक्षात घेऊन कठड्यावरून खाली बघा: पाणी उतरताना पुलाजवळ ओढ वाढलेली स्पष्ट दिसते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीचं पाणी वर का तुंबलं याची थोडी कल्पना इथे उभं राहिल्यावर येते. दोष एकट्या कॉजवेचा नाही. नदीच्या पात्रात वरपर्यंत भराव आणि बांधकामं झाली आहेत.

हा पूल होण्याआधी माहीम आणि साष्टी (वांद्र्याकडचं बेट) यांच्यामध्ये होड्याच चालत, आणि पावसाळ्यात त्या उलटत. कंपनी सरकार पैसे द्यायला तयार नव्हतं. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. अट एकच: लोकांकडून टोल घ्यायचा नाही. १८४५मध्ये रस्ता खुला झाला. आता त्या रस्त्याला त्यांचं नाव असलं, तरी लोक ‘एल. जे. रोड’ म्हणूनच मोकळे होतात.

नोव्हेंबर ते मार्चमध्ये दुर्बीण घेऊन या. उघड्या चिखलावर बगळे, वंचक, शेकाटे, तुतवार टिपत असतात आणि समुद्राच्या बाजूला कुरव. पाणी निम्मं उतरलेलं असताना पक्षी काठाजवळ असतात. पूर्ण ओहोटीला ते लांब जातात. जवळून फोटो मिळेल म्हणून चिखलात उतरू नका. वरून सुकलेला दिसतो, पाय ठेवला की आत जातो.

पलीकडे वांद्रे स्टेशनची जुनी इमारत बघून परतीची गाडी पकडता येते. सप्टेंबरमध्ये मोत माउलीच्या जत्रेच्या आठवड्यात मात्र वांद्र्याच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते.

वेळ असेल तर खाडीची आतली बाजूही बघा. शीव-वांद्रे जोडरस्त्यावरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वी कचराभूमी होतं. ३७ एकरांवर झाडं लावून १९९४मध्ये ते खुलं झालं. तिथून मिठीकाठची तिवरं जवळून दिसतात. निघण्यापूर्वी उघडायची वेळ विचारून घ्यावी. धारावीतला काळा किल्ला तसा लहान आहे. भिंतीवरच्या शिलालेखात गव्हर्नर हॉर्न आणि १७३७ साल आहे. तो बाहेरूनच बघावा. आत शिरण्याच्या नादाला लागू नये.

जून ते सप्टेंबरमध्ये महापालिका साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते. त्या दिवशी पाऊसही असेल, तर भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास कॉजवे सोडून द्या.