गंधार नसलेलं गाणं

रविवार, रात्री

सध्या गिटारवर कॅनडातली जुनी गाणी चालू आहेत. या आठवड्यात गॉर्डन लाइटफूटचं ‘द रेक ऑफ द एडमंड फिट्झजेराल्ड’. याला रॉक म्हणायचं की लोकगीत, यावर वाद घालणारे घालोत. १९७६ साली ते कॅनडात पहिल्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं होतं. साडेसहा मिनिटांचं गाणं, ध्रुवपद नाही, आणि कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरसमूह) अगदी मोजक्या. तरी ऐकताना कंटाळा येत नाही, तो का, हे वाजवायला बसलं की कळतं.

कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या आडव्या पट्टीवर. बोटांचे आकार ए-सस-टू (ए ची कॉर्ड, पण गंधाराऐवजी रिषभ), ई मायनर, जी, डी आणि पुन्हा ए-सस-टू. लय सहाची, दादऱ्यासारखी तीन-तीन मात्रांत तुटणारी. पहिल्या दोन कॉर्डना सहा-सहा मात्रा आहेत, पण जी आणि डी यांना तीन-तीनच. बहुतेकांचा हात इथेच मागे पडतो, कारण आधीच्या संथपणाला तो सरावलेला असतो. उपाय म्हणजे फक्त जी-डी-ए एवढाच तुकडा मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) फिरवत राहायचा. ए-सस-टूवरून ई मायनरवर जाताना मात्र काहीच कष्ट नाहीत. चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर (पहिली सर्वांत बारीक, सहावी सर्वांत जाड) दुसऱ्या फ्रेटला ठेवलेली दोन बोटं तशीच उचलून पाचव्या आणि चौथ्या तारेवर ठेवायची.

खरी गंमत स्वरांत आहे. ए म्हणजे सा धरला, तर या चारही कॉर्डमध्ये गंधार कुठेच नाही, शुद्धही नाही आणि कोमलही नाही. म्हणून गाणं हसरं वाटत नाही आणि रडकंही वाटत नाही. सोपं पडतं म्हणून ए-सस-टूच्या जागी साधा ए मेजर वाजवला की शुद्ध गंधार आत शिरतो आणि सगळं सहलीला निघाल्यासारखं होतं. ही तडजोड मला अजिबात मान्य नाही, कारण गाणं खऱ्या माणसांच्या मृत्यूचं आहे. १० नोव्हेंबर १९७५ रोजी अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सुपीरियर सरोवरातल्या वादळात ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे लोहखनिज नेणारं जहाज बुडालं आणि २९ जण गेले, एकही वाचला नाही. लाइटफूटने ‘न्यूजवीक’मधला लेख वाचून गाणं लिहिलं आणि डिसेंबरमध्ये टोरांटोच्या ईस्टर्न साउंड स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं. रेकॉर्डवर आहे तो पहिलाच टेक. पुढे २०१० मध्ये खलाशांच्या हलगर्जीपणामुळे जहाज बुडालं नसावं अशी मांडणी पुढे आली, तेव्हा जहाजाच्या मालाच्या कोठाराचं झाकण कोसळल्याची ओळ तो कार्यक्रमांत बदलून गाऊ लागला. मृतांच्या घरच्यांचा एवढा विचार करणारा गीतकार विरळाच.

हे ठाऊक असलं की उजवा हात आपोआप आवरता राहतो. सगळी कडवी एकाच जोराने ठोकायची नाहीत. पहिलं कडवं नुसत्या खालच्या स्ट्रोकवर, वादळ आलं की वरचे स्ट्रोक भरायचे. मधल्या जागा टेरी क्लेमंट्सच्या इलेक्ट्रिक गिटारच्या आहेत. एकटे वाजवत असाल तर त्या मोकळ्या सोडा, भरू नका.

कॅपोबद्दल एक. तो फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, तिच्या किंचित मागे बसवायचा. फार घट्ट आवळला तर तारा चढतात, म्हणून लावल्यावर पुन्हा सुरात लावणं आलंच.

नील यंगचं ‘हार्ट ऑफ गोल्ड’ त्या मानाने सर्वांच्या परिचयाचं. १९ जानेवारी १९७१ ला टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये हेच गाणं तो पियानोवर, दुसऱ्या एका गाण्याला जोडून गायला होता. फेब्रुवारीत नॅशव्हिलमध्ये ते गिटारवर आलं. त्या काळात पाठीच्या दुखण्यामुळे जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घेऊन फार वेळ उभं राहणं त्याला जमत नव्हतं, त्यामुळे बसून अकूस्टिक. म्हणून हे गाणं बसूनच शिकावं. उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग गिटारच्या अंगावर टेकलेला, मनगट सैल, तळव्याची कड ब्रिजजवळ (तारा गिटारच्या अंगाला जिथे टेकतात तिथे) जाड तारांवर अलगद. ती कड नसली की सुरुवातीचा ई मायनर सेव्हन-डी-ई मायनर नुसता खणखणत राहतो. कडव्यात ई मायनर, सी, डी, जी. शेवटी सीवरून जीवर येताना बेसची उतरण विसरू नये: पाचवी तार तिसरा फ्रेट, दुसरा, मोकळी, मग सहावीचा तिसरा. मेट्रोनोम ६० वर ठेवून सुरू करा, ८५ च्या आसपास मूळ गती येते. हार्मोनिका जी पट्टीची हवी. ब्लूजच्या सवयीने सीची आणली तर सूर जुळतील, पण ती धून येणार नाही. आणि रेकॉर्डवर टेडी अर्विनचीही अकूस्टिक गिटार आहे, तेव्हा ऐकू येणारं सगळं एका हातात बसवायचा हट्ट नको.

नील यंगच्याच ‘सिनॅमन गर्ल’साठी (१९६९, अंगात १०३ ताप असताना लिहिलेलं) सहावी आणि पहिली तार ई वरून डी वर उतरवावी लागते. पेग (तार पिळायची खुंटी) सैल करताना डीच्या थोडं खाली जाऊन मग वर यायचं, नाहीतर नटमध्ये (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत) अडकलेला ढिलेपणा दोन-चार स्ट्रोकनंतर सुटतो आणि तार उतरते. दोन तारांचा ताण कमी झाला की मानेवरचा भार हलतो आणि उरलेल्या चार तारा किंचित चढतात. ट्रेमोलो (तारांचा ताण हलवणारा दांडा) असेल तर जास्तच. म्हणून आधी या दोन, मग चारही, मग पुन्हा या दोन. तारा ९ च्या, म्हणजे पातळ जाडीच्या असतील तर जाड तार लोळते, १० चा संच बरा. सोलोत एकच स्वर आहे, डी. दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटचा डी आणि मोकळ्या पहिल्या तारेचा डी एकत्र वाजवून पाहा, आणि दुसरी तार केसभर ताणा. दोघांच्या घर्षणातून जी थरथर निघते ती ऐकत राहा. पिकचा जोर बदला, ताण बदला, स्वर बदलू नका.