मोटर मागते तेव्हा

मोटरचा फिल्म कॅमेरा कानाने ओळखावा. सेल ताजे असले की रोल सरकल्याचा आवाज तुटक येतो, 'झिट, झिट'. सेल दमले की त्याच आवाजाला शेपूट फुटतं, 'झीऽऽट'. बॅटरीचं चिन्ह मात्र तोवर पूर्ण भरलेलं दिसत असतं.

चिन्ह खोटं बोलत नाही, त्याची वेळ चुकते. ते बहुतेकदा निवांत बसलेल्या सेलचं व्होल्टेज मोजतं. मोटर सुरू होताना क्षणभर अँपिअर-दोन अँपिअर मागते, तेव्हाचं नाही. त्या क्षणी महत्त्व असतं सेलच्या आतल्या रोधाला. ताज्या अल्कलाइन पेन्सिल सेलचा रोध साधारण ०.१५ ते ०.३ ओहम. दोन अँपिअर ओढले की ०.३ ते ०.६ व्होल्ट सेल स्वतःच गिळतो आणि दीड व्होल्टचा तोरा तिथेच उतरतो. चांगल्या निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या, सेलचा रोध ०.०३ ओहमच्या आसपास. त्यामुळे अंगावर १.२ व्होल्टच लिहिलेला हा गरीब सेल मोटरच्या हातात मात्र जवळजवळ तेवढेच देतो. शिवाय अल्कलाइनचा रोध रिकामा होता होता वाढतच जातो.

निकॉन एफ५ अल्कलाइनवर सेकंदाला ७.४ फ्रेम काढतो, निकेल-मेटल हायड्राइडच्या पॅकवर ८. एफ४ला चार सेलची मूठ, म्हणजे सेल ठेवायची पकड, लावली तर ४ फ्रेम, सहाची लावली तर ५.७. छत्तीसचा रोल एवीतेवी पाच-दहा सेकंदांत संपणार, मग एवढी घासाघीस कशाला, असं कुणी म्हणेल. पण खरी परीक्षा वेगाची नसतेच, रिवाइंडची, म्हणजे संपलेला रोल डबीत परत गुंडाळण्याची असते. मोटरला इतका वेळ सलग ओढत राहावं लागतं ते तेव्हाच, आणि तेही सेल छत्तीस फ्रेम ओढून झाल्यावर. थंडीत अल्कलाइन इथेच मान टाकतो आणि रोल अर्ध्यावर अडतो. अशा वेळी मागचं झाकण उघडायचं नाही. सेल काढून ताजे घालावेत आणि रिवाइंडचं बटण पुन्हा दाबावं. ताजे नसतील तर तेच सेल आतल्या खिशात दहा-पंधरा मिनिटं उबेला ठेवावेत. पुष्कळदा तेवढं काम ते करून देतात.

थंडीसाठी लिथियम पेन्सिल सेल. उणे ४० अंशापर्यंत चालतो आणि वजन १५ ग्रॅम, अल्कलाइनचं २३. खोड एकच, शेवटपर्यंत 'भरलेला' दिसतो आणि मग एकदम बसतो. निकेल-मेटल हायड्राइडचं उलटं. चिन्ह अल्कलाइनच्या मापाने बेतलेलं असल्याने चार्ज करून घातल्या घातल्या ते अर्धं दिसतं. घाबरू नये.

संच सगळा एकाच जातीचा, एकाच वयाचा हवा. तीन ताजे आणि एक थकलेला असला की थकलेल्याचं व्होल्टेज उलटं होतं आणि तोच आधी गळतो. अल्कलाइन गळला की संपर्कपट्टीवर पांढरट खरवड धरते. कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन ती काढावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. नुसता काळवटपणा खोडरबरानेही जातो.

पेन्सिल सेलच्याच मापाचा लिथियम-आयन सेलही मिळतो, १४५०० नावाचा. खाचेत अगदी चपखल बसतो. पूर्ण चार्ज झाल्यावर त्यात ४.२ व्होल्ट असतात, आणि असे चार सेल एकापुढे एक लागले की सहा व्होल्टच्या सर्किटवर जवळजवळ सतरा चढतात.